मस्टरवर सात शांता

वर्गात माझ्याच नावाला सुरकुत्या होत्या.
बाकी सगळ्या प्राजक्ता, ऐश्वर्या, स्नेहल,
आणि हजेरीत मध्येच शांता.
मास्तर चष्मा वर करून बघायचे,
कुणाची आजी चुकून बाकावर बसलीय की काय.

घरी येऊन भांडायची मी.
बाप विडी कारखान्यात चेकर,
जन्मभर दुसऱ्यांच्या हातचा माल परत केलेला माणूस.
माझी तक्रारही कट्ट्यासारखी उलटीपालटी करून बघायचा
आणि म्हणायचा, "चांगलं नाव हाय की. टिकाऊ."

टिकाऊ! मी काय चादर आहे?

तो गेल्यावर ट्रंकेत मस्टर सापडलं,
माझ्या जन्माच्या वर्षाचं,
पाठीला खळ, आत तंबाखूचा वास, अजून ठसका लागेल असा.
एकाच पानावर सात शांता.
आणि प्रत्येकीपुढे, घोटाळा नको म्हणून,
बापाच्या बारीक अक्षरात एकेक खूण:
शांता येमूल, चष्मा.
शांतव्वा हत्तुरे, कानडी.
शांता दासरी थोरली, शांता दासरी धाकटी
(सासू-सून; एकाच सुपात पानं, आणि
अकरा वर्षं अबोला, हे मला मागाहून कळलं).
शांता बोद्धुल, डावरी.
सहावीपुढे नुसतं "गेली", तारीख घालून.
सातवी शांता म्याकल. पुढे एकच शब्द:
आवाज.

चष्मेवाली तेवढी सापडली, कुंभारीच्या घरकुलात.
दारात बसलेली, मांडीवर सूप नाही, कात्री नाही,
तरी बोटं पदराचा काठ वळत होती,
वळायचा, दुमडायचा, टोक दाबायचं.
"चेकरची पोरगी होय? ये. नाव काय तुझं?"
सांगितलं.
ती एवढी हसली की चष्मा घसरला.

"अम्मा! ठेवलंच म्हणायचं त्यानं.
अगं, तुझा बाप शंभरामागं वीस विड्या छाटायचा.
मालकाचा हुकूम, त्याचा हात.
छाटलेल्याची मजुरी नाही,
आणि छाटलेली विडी फेकलेली आम्ही कधी बघितली नाही.
एक दिवस म्याकलची शांती उठली,
छाटाचा ढीग ओच्यात भरला,
नि गेली की अशोक चौकात!
फुकट वाटल्या. रिक्षावाले, हमाल, पिक्चरच्या रांगेतली पोरं,
ओढा, म्हणाली, नि खोट सांगा.
कुणाला सापडती खोट?
मग तुझ्या बापाला हाक मारली.
त्यानं आयुष्यात विडी ओढलेली नव्हती.
सगळ्यांदेखत पेटवून दिली तिनं.
खोकला, खोकला, डोळ्यांत पाणी,
आणि म्हणाला, चांगली आहे."

"शांत होती का ती, नावासारखी?"
"शांत? ती बोलली की
साखर पेठेत झोपलेलं मूल उठायचं."

दुसऱ्या दिवशी तिचं नाव कटलं.
कापलं कुणी, ते विचारायची गरज नव्हती,
अक्षर माझ्या ओळखीचं.
सुरतेला गेली म्हणे, नाहीतर भिवंडीला.
यंत्रमागांच्या गोंगाटात तिचा आवाज
ऐकू जात असेल का, कोण जाणे.
तीन महिन्यांनी मी झाले.

रात्री परत मस्टर उघडलं.
लाल शाईची रेघ नावावरून नाही,
नावाखालून गेलीय.
हात चुकला असेल.
मोजून वीस छाटणारा हात, तो कसा चुकेल,
यावर मी अजून विचार करतेय.

परवा गॅसच्या ऑफिसात पोरीनं विचारलं,
"शांता? मॅडम, नाव पूर्ण आहे ना?"
"पूर्ण आहे," मी म्हणाले,
जरा जास्तच मोठ्यानं.
रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी
वळून पाहिलं.